दोन शिंपा, एक बिजागरी

दगडमाती : वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

रणोत्सवाचा हंगाम आला की आपल्या भागातली बरीच मंडळी कच्छला जाऊन येतात. येताना बांधणीच्या साड्या येतात, आणि पिशवीच्या तळाशी चार दगडही येतात. मग त्या दगडांचे फोटो, कधी दगडच कुरिअरनं, बेळगावला माझ्या टेबलावर. या वेळची बहुतेक पत्रं एकाच प्राण्याबद्दल निघाली, ब्रॅकिओपॉड नावाच्या, दोन झडपांची (म्हणजे शिंपेच्या दोन भागांची) शिंप असलेल्या समुद्री प्राण्याबद्दल, म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच देतोय. गणपतीत सापडलेल्या शाळिग्रामाबद्दल विचारणाऱ्या दोघांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

निपाणीहून एक वाचक : भुजच्या वायव्येला एका टेकडीच्या पायथ्याशी माझ्या मुलाला दगड झालेली शिंप सापडली. सव्वा इंच लांब, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी फुगीर. एका टोकाला टाचणी जाईल असं गोल भोक आहे. मेव्हणा म्हणतो, कुणीतरी माळेत ओवायला पाडलंय. गाइड म्हणाला, साधा शिंपला आहे. खरं काय समजू?

मेव्हण्यांना सांगा, माळेत ओवायला माणूस लागतो आणि ही शिंप माणसाच्या पंधरा-सोळा कोटी वर्षं आधीची आहे. भोक जन्मजात आहे. त्यातून एक मांसल देठ बाहेर यायचा आणि त्या देठानं हा प्राणी समुद्रतळावरच्या खडकाला नाहीतर दुसऱ्या शिंपीला धरून बसायचा. देठाला पेडिकल म्हणतात. भोक जिला आहे ती पेडिकल झडप, म्हणजे पोटाकडची. ती मोठी असते आणि तिची चोच दुसऱ्या झडपेवर वाकलेली असते. तुमच्या फोटोत हे अगदी स्वच्छ दिसतंय.

गाइडचंही पूर्ण खरं नाही. हा ब्रॅकिओपॉड. बाजारात तिसऱ्या मिळतात तो शिंपला वेगळा, तो गोगलगायीच्या गोतावळ्यातला. दोघांनाही दोन झडपा आहेत, बाकी संसार निराळा. फरक हाताला कळतो. नमस्कारासाठी हात जोडा : डावा पंजा आणि उजवा पंजा एकमेकांची प्रतिबिंबं आहेत, पण एकटा पंजा बघितला तर त्याची एक बाजू अंगठ्याची, दुसरी करंगळीची. तिसऱ्या तशा असतात. ब्रॅकिओपॉडचं उलट. त्याच्या दोन झडपा एकमेकींसारख्या नसतात, एक मोठी, एक लहान. पण एकेक झडप घेतली आणि चोचीपासून समोरच्या कडेपर्यंत मधोमध रेघ मारली, तर डावा अर्धा आणि उजवा अर्धा तंतोतंत जुळतात. तुमची शिंप अशी धरून बघा.

एक सावधगिरी. पेक्टेन नावाचा पंख्यासारखा शिंपला या परीक्षेत जवळजवळ पास होतो. त्याच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना कानासारखे पट्टे असतात, आणि देठाचं भोक नसतं. कान दिसले की ब्रॅकिओपॉड म्हणायचं नाही. उलट बाजूनं, काही ब्रॅकिओपॉडही वाकडे वाढतात. इंग्लंडमध्ये जुरासिक काळाच्या (साधारण वीस ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीच्या) वरच्या थरांत टॉर्क्विरिंकिया नावाचा एक आहे, त्याची पुढची कड एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, आणि तो रोग नाही, जातच तशी.

तुमची शिंप बंदच सापडली, हेही लक्षात घ्या. तिसऱ्यांच्या बिजागरीत एक लवचीक पट्टी असते, ती झडपा सतत उघडायला बघते. प्राणी जिवंत असेपर्यंत स्नायू त्या मिटून धरतात, मेला की झडपा उघडतात आणि लाटांनी सुट्या होतात. ब्रॅकिओपॉडला ती पट्टीच नाही. उघडायला वेगळे स्नायू, मिटायला वेगळे. शिवाय पेडिकल झडपेचे दोन दात पाठीकडच्या झडपेच्या खोबणीत अडकलेले असतात. म्हणून मेल्यावरही पुष्कळदा शिंप मिटलेलीच राहते, आत गाळ भरतो आणि दोन्ही झडपांसकट दगड होतो. कच्छच्या टेकड्यांवर ते पावसानं सुटे होऊन पडलेले असतात, त्याचं कारण हे.

खानापूरची, धारवाडला भूविज्ञान शिकणारी एक विद्यार्थिनी : प्रोजेक्टसाठी कच्छमधल्या जुमारा डोमवरचे ब्रॅकिओपॉड मिळालेत, एक डबाभर. ‘डिस्क्राइब अँड क्लासिफाय’ एवढंच सांगितलंय. मोठ्या ग्रंथांतली चित्रं बघून नावं लावली तर चालेल का? सुरुवात कशी करू?

नाही चालणार. नाव सगळ्यात शेवटी. चित्र बघून नाव लावलंस की पुढचं सगळं वर्णन त्या नावाला साजेसं लिहिलं जातं. आपोआप होतं ते. भलेभले त्यात सापडलेत.

सुरुवात डब्यापासून कर. त्यात चिठ्ठ्या आहेत का? जुमारा डोमवर उतारानं चालत गेलं तर बाथोनियन, कॅलोव्हियन, वर ऑक्सफर्डियनचा ढोसा ऊलाइट नावाचा थर (पहिली तिन्ही नावं जुरासिकच्या टप्प्यांची), असे मध्य जुरासिकपासून वरचे थर एकामागून एक पायाखालून जातात. कुठला नमुना कुठल्या थरातला, थरात रुतलेला काढला की ओघळात पडलेला उचलला, हे ज्यानं आणले त्याला विचारून आजच्या आज लिहून घे. ओघळातला असेल तर तसं स्पष्ट लिही. वरच्या थरातला दगड खालच्या थरावर येऊन बसतो आणि मग दोन काळांचे प्राणी एका कुटुंबात जातात. चिठ्ठी नसलेला नमुना मी वर्गात हाताळायला देतो, प्रबंधात घेत नाही.

मग टूथब्रश, पाणी, शिवणकामाची सुई. एवढंच. आम्ल नको, कवच कॅल्साइटचं आहे.

धुऊन झाले की जुन्या चादरीवर सगळे मांड आणि नुसत्या डोळ्यांनी गट पाड. जुरासिकमध्ये बहुतेक काम दोन गणांतच (मोठ्या गटांतच) असतं. धारा-धारांचे, चोच टोकदार आणि भोक बारीक, ते बहुतेक रिंकोनेलिडा. गुळगुळीत, चोच आखूड आणि भोक मोठं गोल, ते टेरेब्रॅट्युलिडा. भिंग घेऊन झिजलेल्या जागी कवच बघ : टेरेब्रॅट्युलिडाच्या कवचात आरपार सूक्ष्म छिद्रं असतात, सुईनं टोचल्यासारखी दाट रांग दिसते, रिंकोनेलिडात ती नसतात. ही खूण धारांपेक्षा भरवशाची. स्प्रिंगसारखा आधार पोटात असलेले जुने गण जुरासिकच्या सुरुवातीच्या टप्प्यातच संपले, आणि कच्छमधले समुद्री थर त्यानंतरचे, म्हणून त्यांची काळजी तुला नाही.

आता एकेक नमुना. चोच वर, पाठीकडची झडप तुझ्याकडे : जगभर असाच धरतात, फोटोही असाच काढतात, मग बाजूनं, मग पुढून. व्हर्निअर कॅलिपरनं लांबी, रुंदी, जाडी. सगळ्यात रुंद जागा मध्यावर आहे की पुढे सरकलेली. झडपा सारख्या फुगीर की एक जास्त. आणि मग दोन झडपा जिथं मिटतात ती कड, कमिशर. सगळा स्वभाव तिथं दिसतो. पुढून बघितल्यावर ती सरळ आहे? मधे वर उचलली आहे? की वर जाऊन मधोमध पुन्हा खाली दबली आहे, म्हणजे दोन घड्या? उचललेला भाग तो फोल्ड, समोरच्या झडपेवरची त्याची पन्हळ ती सल्कस. फोल्ड चोचीपासून सुरू होतो की पुढच्या तिसऱ्या हिश्शात, हे लिहायचं विसरू नकोस. धारा असतील तर फोल्डवर किती, सल्कसमध्ये किती, दोन्ही कडांना किती, वेगवेगळ्या मोज.

माझ्या टेबलावर आत्ता एक आहे, त्याची नोंद वहीतून उतरवतो, म्हणजे वर्णन म्हणजे काय ते कळेल : ‘मध्यम आकार, लांबी साधारण सव्वीस मिमी, रुंदी तेवीस, जाडी सतरा. बाह्यरेखा लांबट पंचकोनी, सर्वांत रुंद मध्याच्या किंचित पुढे. दोन्ही झडपा फुगीर, पेडिकल झडप अधिक. चोच आखूड, जाड, आत वाकलेली. भोक गोल, कड घासलेली. पृष्ठभाग गुळगुळीत, वाढीच्या रेषा पुढच्या कडेला दाटलेल्या. कमिशर पुढून दोन घड्यांची, घड्या टोकदार, मधली पन्हळ खोल. मागच्या अर्ध्यात घडीचा मागमूस नाही.’ यात एकही नाव नाही. ‘सुंदर’ नाही, ‘वैशिष्ट्यपूर्ण’ नाही. वाचणाऱ्यानं डोळे मिटले तर शिंप दिसली पाहिजे.

वाढीच्या रेषा पुढच्या कडेला दाटल्यात म्हणजे हा म्हातारा. पोरं सपाट असतात, त्यांना घड्या नसतात. डब्यातली लहान-मोठी सगळी एकाच जातीची असतील तर लांबी-रुंदीचे ठिपके आलेखावर एकाच पट्ट्यात पडतात. आलेख न काढता पोरांना वेगळी जात ठरवून नावं दिल्याची उदाहरणं जुन्या ग्रंथांत पडलीत.

बाहेरचं इथं संपलं. आत गेल्याशिवाय वंश (जवळच्या जातींचा गट) ठरत नाही, आणि आत दगड भरलेला. त्यावर उपाय एकच, घासायचं. ज्या गटात पुष्कळ नमुने आहेत त्यातला एक निवड, फोटो काढ, प्लास्टरचा साचा घे, कारण तो नमुना आता संपणार आहे. मग त्याला रेझिनमध्ये बसवून चोचीकडून पुढे घासत जायचं. चोचीपाशी ०.२ मिमीनं, पुढे थोडं सैल. दर टप्प्याला कार्बोरंडम पावडरनं काचेवर घासून पृष्ठभाग साफ, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा क्षणभर चटका, अ‍ॅसिटोनचे थेंब, वर अ‍ॅसिटेटची पारदर्शक फिल्म. वाळली की फिल्म अलगद सोलायची. तिच्यावर कवचाचा ठसा उमटतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघून रेखाटायचा. चोचीपासून अंतर प्रत्येक ठशावर लिहायचं. अ‍ॅसिटोन पेट घेतो, तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत, हीटर चालू ठेवून, अजिबात नाही.

टप्पा सारखा राहायला एक पकड लागते. बाहेरून मागवलेली महाग पडते. आपल्या उद्यमबागेत लेथवर पंप आणि व्हॉल्व्हचे भाग करणारी माणसं आहेत. मी त्यातल्याच एकाकडून पितळी नळी आणि बारीक आट्यांचा स्क्रू असलेली पकड करून घेतली होती. स्क्रूचा एक फेरा म्हणजे किती, हे त्यानंच कोरून दिलं. ‘सर, शंखाला एवढं मायक्रॉन कशाला?’ म्हणाला, पण काम चोख. सुट्टीला घरी आलीस की जाऊन ये.

ठशांवर काय बघायचं? रिंकोनेलिडात पेडिकल झडपेत दातांना आधार देणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या, पाठीच्या झडपेत पुष्कळदा मधला पडदा, आणि दोन आकडे, क्रुरा, जे पुढे येऊन नुसते संपतात. टेरेब्रॅट्युलिडात ते आकडे पुढे वाढून एकमेकांना भेटतात, लूप होतो. लूप आखूड की लांब, यावर पुढची वाट फुटते. आखूड लूपवाल्यांत दातांच्या पट्ट्या नसतात. झायलेरियासारख्या लांब लूपवाल्यांत त्या असतात आणि पाठीच्या झडपेत मधला पडदाही असतो. गंमत म्हणजे बाहेरून दोघंही गुळगुळीत. घासण्याआधी शिंप ओली करून उन्हात धर. पडदा असेल तर पातळ कवचातून काळसर रेघ दिसते कधी कधी.

इतकं हातात आलं की मग ग्रंथ उघड. कच्छसाठी एफ. एल. किचिन यांचा १९०० चा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’ या मालिकेतला, तो पहिला. वंशांसाठी ‘ट्रीटीज ऑन इन्व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टोलॉजी’ या ग्रंथमालेचा एच भाग. १९६५ चा जुना आणि १९९७ ते २००७ मध्ये निघालेली सुधारित आवृत्ती, नवीनच वापर. वर्गीकरण लिहिताना संघ ब्रॅकिओपॉडा, उपसंघ रिंकोनेलिफॉर्मिया, वर्ग रिंकोनेलाटा, मग गण आणि खाली. जात जुळत नसेल तर वंशापुढे ‘एसपी.’ लिहून सोड. थोडी जुळते, थोडी नाही, तर मधे ‘सीएफ.’ घाल. परीक्षक त्यानं नाराज होत नाहीत. झालेच तर ठसे दाखव.

शहापूर, बेळगाव इथले एक निवृत्त शिक्षक : आमच्या विद्यार्थिदशेत टेरेब्रॅट्युला आणि रिंकोनेला या दोन नावांत सगळं बसत होतं. आता प्रत्येक टेकडीला नवं नाव. याला शास्त्र म्हणायचं की हौस?

गुरुजी, दोन्ही म्हणा. तुमचा राग निम्मा बरोबर आहे.

जुन्या दोन नावांत सगळं बसत होतं, कारण ती नावं पोत्यासारखी वापरली जात होती. खरा रिंकोनेला मॉस्कोकडच्या वरच्या जुरासिकमधला. खरा टेरेब्रॅट्युला तर इटलीतल्या, जुरासिकच्या कितीतरी नंतरच्या थरांतला. आत घासून बघितलं तर आपल्या कच्छच्या शिंपांशी त्यांचं फारसं काही जुळत नाही, बाहेरचं रूप तेवढं सारखं. ब्रॅकिओपॉडांची खोड हीच : वेगवेगळ्या घराण्यांतले प्राणी एकसारख्या पाण्यात राहून एकसारखे दिसायला लागतात. गुळगुळीत फुगीर शिंप किंवा त्रिकोणी धारदार शिंप, निरनिराळ्या काळांत पुन्हा पुन्हा झालेली आहे. थॉमस डेव्हिडसन यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ब्रिटिश ब्रॅकिओपॉडांवर आयुष्य घालवलं, शिळाछापासाठी चित्रं स्वतः दगडावर काढली. तरी त्यांच्या हातात मुख्यतः बाहेरचं रूपच होतं.

मग आले एस. एस. बकमन. ब्रह्मदेशातल्या शान संस्थानांमधल्या जुरासिक ब्रॅकिओपॉडांवर पहिल्या महायुद्धाच्या शेवटी त्यांचा ग्रंथ आला आणि त्यात त्यांनी जुन्या पोत्यांची शिवण उसवली. बर्मिरिंकिया, कचिरिंकिया, कचिथायरिस हे वंश त्यांचेच. किचिन यांनी कच्छमधून ‘टेरेब्रॅट्युला अ‍ॅक्युटिप्लिकाटा’ म्हणून वर्णन केलेली शिंप तेव्हापासून कचिथायरिस अ‍ॅक्युटिप्लिकाटा झाली. म्हणून आज किचिन यांचं नाव तिच्यापुढे कंसात लिहितात : जात त्यांची, वंश नंतर बदलला. हा एवढासा कंस बघितला की दप्तरात मागे किती कागद आहेत ते कळतं. माझ्या टेबलावरचा वर वर्णन केलेला नमुना याच जातीजवळ जातो. मी अजून घासलेला नाही, म्हणून अजून ‘सीएफ.’

आता तुमचा निम्मा राग. बकमन फोडत सुटले, हे खरं. घडी थोडी टोकदार दिसली की वेगळी जात, थोडी बोथट की दुसरी. पुढच्यांनी त्यातल्या बऱ्याच पुन्हा एकत्र केल्या. या गोंधळात आतली बाजू लावून धरली ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या हेलन म्यूर-वुड यांनी. १९३४ साली त्यांनी मेसोझोइक काळातल्या, म्हणजे जुरासिक ज्या मोठ्या कालखंडात येतो त्यातल्या, काही ब्रॅकिओपॉडांच्या आतल्या रचनेवर लिहिलं, घासून घासून काढलेल्या छेदांच्या आधारानं. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात महत्त्वाची माणसं म्हणजे डेव्हिडसन नव्हेत, बकमन नव्हेत, ह्या बाई. सोमालीलँडच्या जुरासिक शिंपांवरही त्यांनी काम केलं, आणि तिथले बरेच चेहरे आपल्या कच्छच्या चेहऱ्यांशी मिळतात. आफ्रिकेचा पूर्व किनारा, मादागास्कर, अरबस्तान, कच्छ, जैसलमेर : त्या काळी हा सगळा एका समुद्राचा शेजार. ही सोयरीक रिंकोनेला या एका पोत्यात कधी दिसली नसती, कारण पोत्यात इंग्लंडही होतं.

नवं नाव देणं आता तितकं सोपंही राहिलेलं नाही. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या कुठल्याही नव्या जातीला मूळ नमुना नेमका दाखवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार ते छापावं लागतं. कपाटात ठेवून नाव दिलं, असं चालत नाही.

चिकोडी तालुक्यातले एक शेतकरी : विहिरीचं काम चाललंय. तीस फुटांवर काळ्या दगडात पोकळ्या लागल्या, त्यात पांढरे, काचेसारखे गुच्छ. कच्छमधल्यासारख्या शिंपा आपल्याकडं मिळतील काय ओ?

नाही मिळायच्या. जुरासिक म्हणजे साधारण वीस कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा काळ. तेव्हा कच्छ-जैसलमेरवर समुद्र आत आला होता, आपला भाग जमीन होता. जमिनीवर ब्रॅकिओपॉड राहत नाहीत, समुद्र लागतो. तुमच्या विहिरीतला काळा दगड म्हणजे दख्खनचा ट्रॅप, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो वाहिला तेव्हा जुरासिक संपून फार काळ लोटला होता, आणि लाव्ह्यात शिंप टिकणार तरी कशी?

पांढरे गुच्छ म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर पाण्यानं भरलेली खनिजं : झिओलाइट, कॅल्साइट, कुठे गारगोटी. लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. नाही आले आणि सुरीनं ओरखडा उठला तर बहुतेक झिओलाइट. ओरखडाच उठत नसेल तर गारगोटी. कामगारांना सांगून दोन-चार गुच्छ सुरुंग लावण्याआधी बाजूला काढून घ्या, पुढे चुरा होतो.

गोकाककडे, घटप्रभेचा धबधबा ज्या खडकावरून पडतो तो कलादगीचा वाळूचा दगड तर कवचधारी प्राणी जन्मण्याच्याही आधीचा. त्याच घराण्यातल्या बागलकोटकडच्या चुनखडीत सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले घुमट दिसतात, स्ट्रोमॅटोलाइट. ट्रॅपच्या दोन थरांमध्ये कधी पातळ गाळाचा पट्टा लागतो, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख असू शकतात. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ च्या त्यांच्या ‘साउथ मराठा कंट्री’च्या अहवालात हा सगळा मुलूख पायाखाली घालून लिहिलाय. खाली खणताना काळ्या दगडात अचानक मऊ, राखाडी-हिरवट चुनकट माती लागली तर एक पाटी भरून ठेवा. मी येतो.

कडोलीची सातवीतली एक मुलगी : हा प्राणी काय खायचा? आता कुठे जिवंत आहे का? असेल तर मला बघायचाय.

तुझं अक्षर छान आहे, आधी तेच सांगतो.

दोन झडपांच्या आत त्याच्याकडे केसाळ भुजांची एक गुंडाळी असते, तिला लोफोफोर म्हणतात. वर मोठ्या ताईला लिहिलेला तो लूप आहे ना, तो या भुजांचा आधार. भुजांवरचे बारीक केस सारखे हलत राहतात, त्यानं पाणी आत ओढलं जातं आणि पाण्यातले सूक्ष्म कण केसांवर अडकून तोंडाकडे जातात. धावपळ नाही, शिकार नाही. आणखी एक सांगतो, वर्गात सांगितलंस तर सगळे नाक मुरडतील : तुझ्या कच्छच्या शिंपांच्या जिवंत भाऊबंदांना पोट आहे, आतडं आहे, पण ते दुसऱ्या टोकाला बंद. घाण गोळ्या होऊन तोंडातूनच बाहेर.

जिवंत आहेत. जगभर चारेकशे जाती. जीवाश्म जाती मात्र बारा हजारांच्या वर वर्णन झाल्यात, म्हणजे हे घराणं उतरतीला लागलेलं. त्यातला लिंग्युला आपल्या देशाच्या किनाऱ्यावरही वाळू-चिखलात बीळ करून राहतो. त्याचं कवच मात्र कच्छवाल्यांसारखं कॅल्साइटचं नाही, फॉस्फेटचं, नखाच्या रंगाचं, आणि त्याला दात-खोबणीची बिजागरीही नाही. लांब देठ बिळात खाली, शिंपेची फट वर. पाणी आलं की उघडतो, पाऊल वाजलं की आत. समुद्रावर गेलीस तर ओहोटीला चिखलात बारीक चिरा शोध, पण मोठ्या माणसाला घेऊन जा आणि उकरू नकोस.

आणखी थोडक्यात

*वार्निश लावू का, चमक येते (हुक्केरी).* नको. कवचावरची छिद्रं आणि वाढीच्या रेषा त्याखाली बुजतात. फोटोसाठी उठाव हवा असेल तर प्रयोगशाळेत अमोनियम क्लोराइडची पांढरी वाफ बसवतात, ती फुंकरीनं-पाण्यानं निघून जाते.

*व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला, सकाळी खडबडीत झाला (टिळकवाडी).* व्हिनेगरनं कवच खाल्लं. साध्या पाण्यात भिजवून ठेवा, दोनदा पाणी बदला, आणि आता आत पोचलाच आहात तर भिंगानं बघा. कवच गेलेल्या जागी स्नायूंचे ठसे दिसत असतील तर फोटो पाठवा.

*मोबाइलवर फोटो पाठवला तर नाव सांगाल का? (तिघांनी विचारलंय)* गण सांगेन, वंश नाही. पाठीकडून, बाजूनं, पुढून असे तीन फोटो काढा, चोच वर धरून, शेजारी रुपयाचं नाणं, आणि ऊन एकाच बाजूनं, म्हणजे घड्यांची सावली पडते. गावाचं आणि टेकडीचं नाव लिहा. ‘कच्छ’ एवढंच लिहिलं तर मी परत विचारणार.